पानाबरसचं पाणी

सत्यशीला रामटेके कॅम्पमधल्या शाळेत लागली, तेव्हा भिलाईच्या पोलाद प्लँटची पहिली भट्टी पेटून वर्षही झालं नव्हतं. शाळा म्हणजे पत्र्याच्या छपराखालच्या चार खोल्या. लोकांच्या वर्गणीतून उभी राहिलेली, एका कमिटीच्या हाती असलेली. मुलं देशभरातून आलेली: पंजाबी, मल्याळी, तेलुगू, बंगाली, आणि ज्यांची शेतं प्लँटमध्ये गेली त्या गावांतली छत्तीसगढी. शिकवणं हिंदीतून. घरी मात्र सत्यशीला बापाशी नागपुरीतच बोलायची.

बाप जानराव दुर्ग लाइनवर गँगमन होता. मूळचा भंडाऱ्याकडचा. बायको लवकर गेली, आणि ही एकच मुलगी. नागपूरला दीक्षा घेऊन परतला तेव्हा त्याने घरातले देव फडक्यात बांधून शिवनाथ नदीत सोडले आणि मुलीला म्हणाला, "आता तू शिकाचं. मंधात थांबाचं नाई." ती थांबली नाही. मॅट्रिक झाली, शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं आणि भूगोल शिकवू लागली.

पुढे काही वर्षांनी मी आणि ती भिलाईच्या सेक्टर दहामध्ये एकाच शाळेत होतो. मधल्या सुट्टीत कधी थोडं, कधी जास्त, असं तिने मला हे सगळं सांगितलं. एकदम कधीच नाही.

एके दिवशी तिने वर्गाला विचारलं, "आपण पितो ते पाणी कुठून येतं?"

"नळातून," मुलं म्हणाली.

"नळात कुठून येतं?"

"टाकीतून."

"आणि टाकीत?"

मग एक मल्याळी मुलगी उठून म्हणाली, "प्लँट बनाता है, बहनजी." सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. प्लँट लोखंड बनवतो, रूळ बनवतो, तसं पाणीही बनवत असणार. सत्यशीलाला हसू आलं, पण दिवसभर ते उत्तर तिच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी दुर्गला परतताना शटल गाडीत तिने ते जयाला सांगितलं.

जया देशकर ही शाळेतली दुसरी शिक्षिका. तिचे वडील रेल्वेत गार्ड, नागपूरहून बदलून दुर्गला आलेले. दोघी रोज एकाच शटलने जायच्या-यायच्या आणि दुपारी एकाच बाकावर बसून जेवायच्या. सत्यशीलाच्या डब्यातलं भरीत आणि ज्वारीची भाकर जया हक्काने आधी ओढून घ्यायची. आपला पोळीचा डबा तिच्यापुढे सरकवायची. गावच्या शाळेत सत्यशीलाला पाणी वरून ओतून मिळायचं, तेही दुसऱ्या कोणाला वेळ असला तर. त्यामुळे जयाचं ते ओढून घेणं तिला किती मोलाचं वाटायचं, हे जयाला कदाचित कधी कळलंही नसेल.

"आपण त्यांना नदी करून दाखवू," सत्यशीला म्हणाली. "खरी वाहती. डोंगरापासून समुद्रापर्यंत."

"कुठे?"

"शाळेच्या मागे. इतकी जागा पडली आहे."

हेडमास्तर मारोतराव अमरावतीकडचे. भला माणूस, पण कमिटीसमोर उभं राहिलं की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. त्यांनी ऐकून घेतलं. "करा. फक्त कमिटीकडे काही मागायला मला लावू नका," ते म्हणाले.

सत्यशीलाने ठरवलं की पुस्तकातला नकाशा बघून नदी करायची नाही. आधी जाऊन बघायची. तिला ती नदी तशी फार माहीत नव्हती. दुर्गच्या पुलाखालून जाते तेवढीच शिवनाथ तिने पाहिली होती. ती दक्षिणेच्या डोंगरात उगम पावते, आधी उत्तरेला वाहते, वाटेत तांदुला, पुढे खारून पोटात घेत पूर्वेला वळते, आणि शेवटी महानदीला मिळून आपलं नावही सोडून देते, एवढं सगळं तिने ट्रेनिंगमध्ये पाठ केलं होतं. पाठ केलेलं शिकवायचं नाही, असा तिचा हट्ट होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघी आधी महानदीचं मुख पाहायला ओरिसात कटकला गेल्या. जयाच्या वडिलांनी जरा कुरकुर करून परवानगी दिली. कटकला उतरल्यावर धर्मशाळेच्या मुनीमाने खोली द्यायच्या आधी जात विचारली. सत्यशीला बोलणार तोच जया पुढे झाली. "हम दोनों बहनें हैं. देशकर," ती म्हणाली.

खोलीत आल्यावर सत्यशीलाने विचारलं, "असं का सांगितलंस?"

"खोली मिळाली ना? आणि बहीणच आहेस तू माझी."

आपला बाप असता तर तो फलाटावर झोपला असता, पण असं लपवलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. ते तिला टोचलं. पण 'बहीण' हा शब्द त्याहून गोड लागला, आणि ती सामान सोडायला लागली.

कटकहून कालव्यातल्या नावेने त्या मुखाकडे गेल्या. सपाट प्रदेश, दोन्हीकडे भाताची रिकामी खाचरं. कटकपाशीच महानदीला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा वेगळ्या वाटेने समुद्राला जातो, हे तिने तिथे डोळ्यांनी पाहिलं. शेवटी पाणी इतकं रुंद झालं की पलीकडचा काठ दिसेना. एका कोळ्याने त्यांना होडीत घेतलं. त्याने ओंजळभर पाणी चाखायला सांगितलं, ते मचूळ लागलं. भरती आली की समुद्र नदीत शिरतो, ओहोटीला नदी त्याला बाहेर ढकलते, असं तो उडियात आणि हाताने सांगत होता. मातकट पाणी आणि हिरवं पाणी जिथे भेटत होतं तिथे एक वेडीवाकडी रेघ दिसत होती. त्या रेघेवरून होडी गेली तेव्हा जयाने सत्यशीलाचा हात घट्ट धरला होता.

उगम पाहायला त्या दिवाळीत गेल्या. या वेळी जानराव बरोबर होता. राजनांदगावपर्यंत गाडी, पुढे अंबागढ चौकीपर्यंत बस, तिथून लाकूड आणायला निघालेल्या ट्रकमध्ये, आणि मग पायी. पानाबरसच्या डोंगरात सागाची आणि सालईची झाडं. एका गोंड म्हाताऱ्याने वाट दाखवली. एका कपारीखाली पाला साचला होता. म्हाताऱ्याने काठीने तो बाजूला केला, तर खाली ताटाएवढी झिरिया, झऱ्याची खळगी, आणि तिच्या काठावरून करंगळीएवढी धार ओघळत होती.

जानराव वाकून बघत राहिला. "हेच का वं तुमची नदी? आमच्या इंजनातून याच्यापरीस जास्त पाणी गळते."

सगळे हसले. म्हाताराही हसला, त्याला काही कळलं नसताना. मग तिथेच बसून त्यांनी भाकरी खाल्ली. जयाला तहान लागली. लोटा जानरावजवळ होता, पण ती सत्यशीलाला म्हणाली, "तूच दे." सत्यशीलाने झिरियात ओंजळ भरली आणि जया तिच्या ओंजळीला तोंड लावून प्यायली. जानरावने ते पाहिलं. परतताना तो मुलीला हळूच म्हणाला, "पोरगी चांगली आहे ते." निघण्यापूर्वी सत्यशीलाने एक काचेची बरणी त्या पाण्याने भरून घेतली. पहिल्यांदा नदी सोडायची ती याच पाण्याने, असं तिने ठरवलं होतं.

मग काम सुरू झालं. मुरूम मुलांनी टोपल्यांनी वाहून आणला. विटांचे तुकडे आणि सांडलेलं सिमेंट कुठल्याही बांधकामावर मिळायचं, सारी भिलाईच तेव्हा बांधली जात होती. गँगमधले सोबती घेऊन जानराव रविवारी यायचा आणि डोंगरासाठी दगड रचायचा. डोंगर पुरुषभर उंच झाला. मागून चढायला पायऱ्या केल्या आणि पायऱ्यांच्या बाजूला, माथ्याहून जरा उंच मचाणावर पाण्याचा ड्रम ठेवला. माथ्यावर वाटीसारखा खळगा. तिथे पहिलं पाणी हाताने ओतायचं, ते वाहू लागलं की ड्रमची तोटी उघडायची.

पहिल्या चाचणीत पाणी दुर्गला वळलंच नाही, सरळ संडासाकडे गेलं. मैदानाचा उतारच उलटा होता. सगळं पात्र उकरून पुन्हा घालावं लागलं. मग महानदीवरचं हिराकुडचं धरण गळू लागलं. सत्यशीला गुडघ्यावर बसून हाताने सिमेंट लिंपायची. जयाचं अक्षर सुंदर, ती पाट्या रंगवायची: पानाबरस, चौकी, दुर्ग, तांदुला, संबळपूर, कटक. तांदुलाच्या धरणापासून एक बारीक कालवा थेट प्लँटच्या चिमण्यांपर्यंत नेला होता. ती मल्याळी मुलगी त्या कालव्यावरून बोट फिरवत चिमण्यांपर्यंत गेली. मग म्हणाली, "तो प्लँट पानी लेता है." सत्यशीलाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या मते मॉडेलचं सगळं काम तिथेच झालं होतं.

शेवटी एक उथळ टाकी, नीळ मिसळलेल्या सिमेंटची. तो समुद्र.

उद्घाटन सव्वीस जानेवारीला ठरलं. प्लँटमधल्या एका मोठ्या इंजिनियरच्या पत्नी येणार होत्या. "पहिलं पाणी तूच घालायचं. मी खालून बघणार," जया तिला कितीदा तरी म्हणाली होती.

त्या सकाळी सत्यशीला पांढरी साडी नेसून आली. जानरावने पितळी लोटा राखेने घासून लख्ख करून दिला होता, आणि स्वतः धुतलेला सदरा घालून पालकांच्या मागे उभा होता. दारातच मारोतरावांनी तिला गाठलं. तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, बरणी आणि लोटा इथे टेबलावर ठेवा. तुम्ही मुलांना घेऊन समुद्राच्या बाजूला उभ्या राहा. टाकी भरून वाहायला लागली तर पाहुण्यांच्या पायात पाणी यायचं."

तिला वाटलं, वेळ झाली की बोलावतील. ती मुलांना घेऊन टोकाला जाऊन उभी राहिली. भाषणं झाली. मग एका कमिटीवाल्याने हिंदीत पुकारलं, की आता शाळेच्या शिक्षिका जलपूजन करतील. सत्यशीलाने पदर सारखा केला आणि पाऊल उचललं. तेवढ्यात पलीकडून जया पुढे आली. तिने जरीची जांभळी साडी नेसली होती, हातात हळदकुंकवाचं ताट होतं. म्हणजे तिला आज काय करायचं आहे ते घरून निघतानाच माहीत होतं.

जया पायऱ्या चढली. लोट्याला कुंकू लावलं. तिने बरणीतलं पाणी लोट्यात घेतलं आणि माथ्यावर ओतलं. एकदाही तिने समुद्राच्या बाजूला पाहिलं नाही.

पाणी निघालं, मागून ड्रमची तोटी उघडली गेली. चौकी गेली, दुर्ग आलं, पाणी बरोबर वळलं. मुलं माथ्याकडे धावली आणि नदीबरोबर परत आली. हिराकुडला ते थोडं साचलं, मग दरवाजातून पुढे सुटलं, कटकला फाटे फुटले, आणि सत्यशीलाच्या पायाशी येऊन निळ्या टाकीत पडू लागलं. लोक टाळ्या वाजवत होते. तिनेही वाजवल्या, कारण मुलं तिच्याकडे बघत होती. मागच्या रांगेत तिने बापाला शोधलं, तर तो तिथे नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर ठकूबाई तिच्याजवळ आली. ठकूबाई शाळेत झाडझूड करायची, बालाघाटकडची. ती म्हणाली, "बाई, सांगू का नाई, मले समजत नाई."

"सांग."

"मांगच्या हप्त्यात कमिटी बसली होती. मी च्या नेऊन राहिली होती. एक जण म्हणे, पाणी कोण घालते? जयाबाईले बोलावलं. तुमच्याबद्दल इचारलं, कोण लोक हाय म्हणून. तर जयाबाईनं सांगितलं."

"मग त्यात काय? मी कुठे लपवते?"

"तसं नाई. ते म्हणे, तुमी तर संगं फिरल्या, संगं खाल्लं. तर जयाबाई म्हणे, मी कधीच तिच्या हातचं खाल्लं नाई. माहा डबा अलग राहे. अन् म्हणे, तिले आधी सांगू नका, मी संभाळतो."

सत्यशीलाने हे मला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की त्या वेळी तिला राग आला नाही. जात विचारणारे लोक तिने जन्मापासून पाहिले होते, त्यांच्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती.

जया कार्यालयात ताट पुसत होती. एकटीच होती. सत्यशीला दारात उभी राहिली.

"तू माझ्या हातची भाकर खाल्ली होतीस," ती म्हणाली.

जयाने मान वर केली. "सत्यशीला, ऐक तरी. कमिटीतल्या एकांच्या पुतण्याशी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं आहे. बाबांनी कितीतरी ठिकाणी बघितलं, तेव्हा कुठे हे जमतंय. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, मी काय करणार होते?"

"खाल्ली होतीस की नाही?"

"खाल्ली होती."

"मग नाही कावून म्हणाली?" इतक्या दिवसांत जयाशी बोलताना तिच्या तोंडून पहिल्यांदाच घरची भाषा आली.

जया ताट पुसतच राहिली. मग म्हणाली, "तुझं काय गेलं त्यात? मॉडेल तर तुझंच आहे. सगळ्यांना माहीत आहे."

सत्यशीलाने टेबलावरचा बापाचा लोटा उचलला. त्यावरचं कुंकू तिने पुसलं नाही, तसाच पिशवीत टाकला आणि निघाली. त्या दिवशी ती शटलने गेली नाही. दुर्गपर्यंत चालत गेली.

जानराव घरी दारातच बसला होता. "तिकडं उभं राहून बघवलं नाई मले," तो म्हणाला. "डोंगराले गिट्टी टाकली तवा कोणी माही जात इचारली नाई." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "त्या पोरीले माहीत होतं?"

"हो."

"आधीपासून?"

"हो, बाबा."

जानराव उठला. कुदळ कुठे आहे ते शोधू लागला. मॉडेल फोडायचं, असंच त्याच्या मनात होतं. सत्यशीला आडवी आली. "मुलांनी केलं आहे ते," ती म्हणाली. त्याने कुदळ भिंतीशी ठेवली आणि तोंड धुवायला गेला. किती तरी वेळ तो तोंड धूत होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. वर्ग घेतले. मुलं म्हणाली, नदी सोडू या, तर तिने सांगितलं, दुसऱ्या बहनजींना सांगा. दुपारी ती वर्गातच बसून जेवू लागली. जयाने एकदा डबा घेऊन येऊन बघितलं, दारापाशी थोडी थांबली आणि परत गेली. त्या उन्हाळ्यात जयाचं लग्न झालं आणि ती जबलपूरला गेली. कार्ड घेऊन ती स्वतः आली नाही, मारोतरावांच्या हाती पाठवलं.

पावसाळ्याच्या तोंडावर मारोतराव दुर्गला तिच्या घरी आले. त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला. चहा त्यांनी पूर्ण घेतला. मग म्हणाले, "बाई, हिराकुड पुन्हा गळतंय. डोंगरालाही भेगा पडल्या. कमिटीचे लोक पाहुणे घेऊन येतात, पाणी कटकपर्यंत पोचतच नाही. तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

"मी नाही करणार, सर."

"मुलांसाठी तरी."

"मुलांना मी वर्गात शिकवते."

मारोतराव खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो," सत्यशीला म्हणाली. तिने त्यांची सुटका केली नाही. ते उठून गेले.

पहिल्या मोठ्या पावसांत डोंगराची माती सुटली आणि पात्र भरून गेलं. जयाने रंगवलेल्या पाट्या एकेक करून पडल्या. सत्यशीलाच्या वर्गाच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. मला तिने खरं ते सांगितलं. नदी बुजताना बघून तिला वाईट वाटायचं, आणि तरी बरंही वाटायचं, आणि बरं वाटतं याचं पुन्हा वाईट वाटायचं. जयाने तिच्यापासून काढून घेतलं ते हेच, असं ती म्हणाली. तिला स्वतःच्या हातच्या कामावर प्रेम करता येईना.

पुढच्याच वर्षी प्लँटच्या शाळांमध्ये जागा निघाल्या. मुलाखत देऊन ती निवडली गेली आणि काही काळाने सेक्टर दहामध्ये क्वार्टर मिळालं. जानराव रिटायर होऊन तिच्याजवळ राहायला आला. अंगणात त्याने वांगी लावली. ती उत्तम शिकवायची. फळ्यावर नदी काढायची, उगमापासून मुखापर्यंत, आणि मुलं मान न हलवता बघत बसायची. पण सहलीला ती कधी कोणाबरोबर गेली नाही. मी खूपदा म्हटलं, चल, एकदा मला पानाबरस दाखव. ती हसून विषय बदलायची. आमची इतक्या वर्षांची मैत्री, तरी मी तिच्या डब्याला हात घातला की तिची नजर क्षणभर माझ्या चेहऱ्यावर थांबायची. मला ते कळायचं. मी घास तोंडात टाकायचे.

एकोणसत्तर साली सिविक सेंटरमध्ये जया तिला भेटली. मी बरोबर होते. जया अंगाने भरली होती, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिने लांबूनच हाक मारली आणि जवळ येऊन सत्यशीलाचे दोन्ही हात धरले.

"ही माझी मैत्रीण," ती मुलीला म्हणाली. "आम्ही दोघी समुद्रापर्यंत गेलो होतो. नदी जिथे संपते ना, तिथे."

मुलीने सत्यशीलाकडे पाहिलं. "सच में?"

"हो, गेलो होतो," सत्यशीला म्हणाली. "होडीतून."

जया भराभर बोलत होती: नवऱ्याची बदली इकडे झाली, अजून कोणाची ओळख नाही, शाळेत परत जावंसं वाटतं. मग जरा थांबून म्हणाली, "तुझी आठवण येते ग. कुठे राहतेस?"

"सेक्टर टेनला."

"येईन मी."

"बरं," सत्यशीला म्हणाली. स्ट्रीट आणि क्वार्टरचा नंबर तिने सांगितला नाही, आणि जयानेही विचारला नाही. सत्यशीलाने मुलीच्या गालाला हात लावला, मला म्हणाली, "चल, भाजी घ्यायची राहिली," आणि आम्ही बाजाराकडे वळलो.